रायफल रेंजवर, बोल्ट घरी

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी ४६ वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून करायची रायफल नेमबाजी सुरू केली आणि तिच्यात पुरता अडकलो. पण गेल्या सहा महिन्यांत तीन वेळा असं झालं की रेंजवर पोचलो आणि काहीतरी घरीच राहिलं होतं. पहिल्यांदा ग्लोव्ह. तो एकाकडून मागून घेतला, पण बोटांना सैल होता, दिवस वाया गेला. दुसऱ्यांदा रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सुटा भाग. दोन तासांचा प्रवास करून रायफलची केस उघडली तर बोल्टची जागा रिकामी. तो घरी कपाटात कुलपात होता. एकाने त्याच्या तशाच रायफलीचा बोल्ट देऊ केला, पण रेंज ऑफिसरने नको म्हटलं, का ते कळलं नाही. तिसऱ्यांदा ईअर मफ राहिले, कानात कापूस घालून मॅच पूर्ण केली.

सोबतचे हसतात. बायको म्हणते, डोकं धडावर आहे म्हणून बरं, नाहीतर तेही कुठेतरी विसरून याल. दर वेळी ठरवतो की आता नीट लक्ष द्यायचं. फोनमध्ये यादीही केली, पण ती बघायचीच राहून जाते. माझं वय होतंय का? की हा खेळ माझ्यासारख्या विसरभोळ्या माणसाचा नाहीच?

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात बोल्टपाशी थांबले, कारण केस उघडल्यावर दिसणारी ती रिकामी जागा मीही पाहिली आहे आणि त्या क्षणी पोटात पडणारा खड्डा मला माहीत आहे. दुसऱ्या वाचनात मात्र कापसापाशी अडकले. ग्लोव्हबद्दल आणि बोल्टबद्दल तुम्ही जीव तोडून लिहिलंत, आणि कापूस अर्ध्या ओळीत उरकलात. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट ती अर्धी ओळच आहे. म्हणून सुरुवात तिथून करते, विसरण्याचं नंतर बघू.

पॉइंट टू टूचा, म्हणजे तुमच्या प्रोन रायफलीच्या छोट्या .२२ काडतुसाचा आवाज मोठ्या नळीच्या बंदुकांच्या मानाने किरकोळ वाटतो आणि तिथेच फसगत होते. नेमबाजाच्या कानापाशी तो आवाज १४० डेसिबलच्या आसपास पोचतो. क्षणात होणाऱ्या स्फोटासारख्या आवाजासाठी कानाची वरची मर्यादा म्हणून जो आकडा धरतात, तो साधारण हाच. मोठ्या काडतुसांच्या रायफली आणि शॉटगन तर १५० ते १७० पर्यंत जातात, आणि शेजारच्या लेनवर कोण काय चालवतंय हे आपल्या हातात नसतं. वर छप्पर असेल तर आवाज आदळून परत येतो. मॅच म्हणजे ६० शॉट, त्याआधी सायटर, म्हणजे नेम जुळवायचे शॉट, आणि डावी-उजवीकडच्या सगळ्यांचे शॉट वेगळेच. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या केसासारख्या पेशी असतात. माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, कातडी सोलली तर भरून येते, इथे तसं काही होत नाही. कोरडा कापूस त्या आवाजाची फक्त धार बोथट करतो. धार बोथट झाली की आपल्याला सुरक्षित वाटतं आणि आपण साठच्या साठ शॉट मारतो. त्यापेक्षा उघड्या कानाने पहिल्याच शॉटला दचकून थांबलेला माणूस कमी नुकसानीत राहतो.

त्या रात्री कानात बारीक शिट्टी वाजत होती का? दुसऱ्या दिवशी लोकांचं बोलणं दुरून आल्यासारखं वाटत होतं का? तसं झालं असेल तर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन श्रवण तपासणी करून घ्या, आता सगळं ठीक वाटत असलं तरी. माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी काही जण आज समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलतात. तरुणपणी त्यांनी कापसावरच भागवलं होतं.

आता या प्रसंगातून तुम्हाला एक विभागणी करून देते. ती मला वीसेक वर्षं उपयोगी पडली आहे. रेंजवर विसरायच्या वस्तू दोन जातींच्या असतात. एका जातीची वस्तू राहिली तर स्कोअर पडतो. ग्लोव्ह, मॅट, स्पॉटिंग स्कोप (गोळी कुठे लागली ते बघायची दुर्बीण), हँडस्टॉप (रायफलीखालचा हाताला अडणारा तुकडा) घट्ट करायची अ‍ॅलन की, स्कोअरची वही या सगळ्या त्या जातीच्या. त्या मागून घ्या, जुळवून घ्या, हळहळा आणि शूट करा. दुसऱ्या जातीची वस्तू राहिली तर त्या दिवशी तुमच्या हातून गोळी सुटता कामा नये. कानाचं संरक्षण, डोळ्यांचं संरक्षण, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामं आहे हे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग, त्या बंदुकीचीच काडतुसं, जिथे परवाना लागतो तिथे परवाना, आणि बंदुकीचा कुठलाही कामाचा भाग. यातलं काही रेंजवर रीतसर मिळालं, म्हणजे ऑफिसजवळचे ईअर मफ किंवा जादाचा फ्लॅग, तर प्रश्न मिटला. नाही मिळालं तर जुगाड नाही. कागदाचा बोळा नाही, कापूस नाही, 'आजच्या दिवस चालेल' नाही.

याच कारणासाठी तुमच्या रेंज ऑफिसरने तो बोल्ट नको म्हटला, आणि बरोबर केलं. दोन रायफली एकाच मेकच्या, एकाच मॉडेलच्या असल्या तरी बोल्ट आपापल्या रायफलीत बसवून, तपासून दिलेला असतो. बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर ठरावीक मापाचं असावं लागतं. त्याला हेडस्पेस म्हणतात. ते जास्त निघालं तर काडतुसाच्या बुडाला मागून आधार कमी पडतो, काडतुसाचं कवच फाटू शकतं, आणि गरम वायू मागे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे येतात. प्रोनमध्ये तुमचा गाल नेमका तिथेच असतो. ज्याने बोल्ट देऊ केला त्याचं मन चांगलं होतं, यात शंका नाही. पण बंदुकीच्या बाबतीत उसनवारीला सीमा असते आणि ती सीमा मन चांगलं असण्यावर ठरत नाही.

काडतुसांचंही तेच. शॉटगनवाल्यांमध्ये एक जुना, ओळखीचा अपघात आहे. (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद.) २० गेजचं काडतूस १२ गेजच्या बंदुकीत चुकून टाकलं तर ते चेंबरमध्ये थांबत नाही, पुढे सरकून नळीत अडकतं. माणूस ट्रिगर दाबतो, काही होत नाही. उघडून बघतो तर चेंबर रिकामं. त्याला वाटतं, घालायचंच राहिलं. मग तो १२ गेजचं काडतूस घालतो आणि पुन्हा ट्रिगर दाबतो, आणि नळी हातात फुटते. २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत यासाठीच पडली. आणि हा अपघात बहुतेक वेळा कसा सुरू होतो? जॅकेटच्या खिशात दोन प्रकारची काडतुसं एकत्र येण्यापासून. म्हणजे कुणीतरी स्वतःची विसरलेलं असतं आणि कुणीतरी मूठभर दिलेली असतात. पॉइंट टू टूमध्ये दुसऱ्याची काडतुसं घेणं तितकं जोखमीचं नाही, खोक्यावरचं आणि नळीवरचं नाव एकच असेल तर. स्कोअर तेवढा हलेल, कारण तुमची नळी त्या लॉटला, म्हणजे कारखान्यातल्या त्या खेपेला, ओळखत नाही. पण दुसऱ्याने घरी भरलेली मोठ्या रायफलीची काडतुसं, कितीही आग्रह झाला तरी, घेऊ नका.

आता विसरण्याकडे येते.

तुम्ही लिहिलंत की प्रत्येक वेळी निघताना नीट लक्ष द्यायचं ठरवता. मला वाटतं, तुम्ही चुकीच्या वेळेवर लक्ष ठेवून आहात. तुमच्या तिन्ही वस्तू निघण्याच्या सकाळी बॅगेबाहेर गेल्या नव्हत्या. त्या त्याच्या कितीतरी आधी, मागच्या खेपेहून परत आलात त्या संध्याकाळी बाहेर गेल्या होत्या. ग्लोव्ह घामाने ओला असतो, तो वाळायला म्हणून बाहेर काढतो. बोल्ट रायफल साफ करताना निघतो आणि कुलपात जातो. ईअर मफ कुणीतरी ड्रिल मशीन चालवायला नेतं, किंवा आपणच गळ्यात अडकवून गाडीतून उतरतो आणि दाराशेजारच्या खुंटीला लावतो. तुमचे कुठे सापडले ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण तसंच काही असणार. सकाळी आपल्याला बॅग भरलेलीच दिसते, कारण ती नव्वद टक्के भरलेली असतेच. उरलेले दहा टक्के डोळ्यांना दिसत नाहीत. नसलेली वस्तू दिसत नसते, हीच खरी अडचण आहे. म्हणून सकाळी कितीही डोळे फाडून बघितलंत तरी उपयोग नाही.

परतीच्या संध्याकाळी बघा. थकलेले असाल, स्कोअर वाईट आला असेल तर त्या बॅगेचं तोंडही बघावंसं वाटणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही रेंजहून आलात की झोपायच्या आधी बॅग 'पुढच्या वेळेसाठी तयार' झाली पाहिजे. जी वस्तू बाहेर राहणार, उदाहरणार्थ ओला ग्लोव्ह, तिच्या रिकाम्या जागी काहीतरी ठसठशीत ठेवा. मी लाल रिबिनीचा हातभर तुकडा ठेवते. ग्लोव्हच्या कप्प्यातून रिबीन बाहेर लोंबत असली की बॅग उचलताना ती पायाला लागते. नसलेली वस्तू अशा रीतीने दिसायला लागते. ग्लोव्ह परत आत गेला की रिबीन बाहेर. वस्तू दोन बाहेर असतील तर रिबिनी दोन. एवढी एकच गोष्ट केलीत तरी तुमची अर्धी कटकट संपेल असं मला खरोखर वाटतं.

बोल्टचा विचार मात्र वेगळा करावा लागेल, कारण तो रोजच बाहेर असणार आणि असायलाच हवा. तुम्ही बोल्ट वेगळा, कुलपात ठेवता. फार चांगली सवय आहे. घरी कुणी लहान असेल तर तिचं मोल शब्दांत सांगता येणार नाही. मला भीती अशी वाटते की या फजितीनंतर कुणीतरी तुम्हाला सल्ला देईल, बोल्ट रायफलमध्येच राहू दे, म्हणजे विसरणार नाहीस. तो सल्ला ऐकू नका. वर्षातून एकदा मॅच बुडाली तर बुडू दे, पण घरात पडलेली रायफल चालू अवस्थेत असता कामा नये. त्याऐवजी असं करा: निघायच्या आदल्या रात्री गाडीची किल्ली बोल्टच्या शेजारी, त्याच कुलपात ठेवा. बसने किंवा रेल्वेने जात असाल तर पैशांचं पाकीट ठेवा. ज्या वस्तूशिवाय तुम्ही उंबरठा ओलांडूच शकत नाही, तिला ही दुसरी बांधायची. मग लक्षात ठेवायची गरजच उरत नाही, किल्लीसाठी कुलूप उघडावंच लागतं. परवान्याचीही हीच जागा करा.

ज्यांच्याकडे दुमडून उघडणारी शॉटगन आहे, त्यांच्यासाठी जाता जाता सांगते: तुमचा बोल्ट म्हणजे नळीखालचा तो लाकडी फोरएंड. बंदूक तीन तुकड्यांत सुटते, त्यातले दोन मोठे तुकडे केसमध्ये जातात आणि तिसरा साफसफाईच्या फडक्याखाली राहतो. माझी एक मैत्रीण मोठ्या स्पर्धेला फोरएंडशिवाय गेली होती. तिने तेव्हापासून केसच्या आत तीन आकृत्या रेखून घेतल्या, अवजारांच्या फळीवर सुतार रेखतात तशा. जागा रिकामी असली की रेघच ओरडते.

फोनमधल्या यादीबद्दल. यादी करणं बरोबर होतं, जागा चुकली. निघायच्या सकाळी फोन हातात घेतला की त्यात दहा गोष्टी आपली वाट बघत असतात आणि यादी अकरावी असते. ती केसच्या झाकणाला आतून चिकटवा, छापून, ठसठशीत अक्षरात. केस उघडल्याशिवाय रायफल आत जात नाही, म्हणजे यादी दिसल्याशिवायही जात नाही. आणि यादीतल्या वस्तू सुचतील तशा लिहू नका. लेनवर तुम्ही ज्या क्रमाने वस्तू वापरता त्याच क्रमाने लिहा: मॅट अंथरली, जॅकेट चढवलं, स्लिंग (रायफल पेलणारा पट्टा) दंडाला लावली, ग्लोव्ह घातला, रायफल काढली, फ्लॅग, बोल्ट, चष्मा, कान, काडतुसं. हा क्रम तुमच्या अंगात आधीच मुरलेला आहे. सात-आठ वस्तूंनंतर मन घसरतं, पण अंग घसरत नाही. वाचताना प्रत्येक वस्तूला हात लावायचा. 'हो, असेल' म्हणून पुढे जायचं नाही. ज्या वस्तूबद्दल 'असेलच की' असं मनात येतं, तीच बहुधा नसते.

यादी बघावी लागते म्हणजे आपण कमी पडतो, असं वाटून घेऊ नका. १९३५ साली ३० ऑक्टोबरला अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचं एक नवं, चार इंजिनांचं विमान उड्डाण करताच कोसळलं. चालवणारे अत्यंत अनुभवी वैमानिक होते. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे हलते भाग हलू नयेत म्हणून लावलेला खटका काढायचाच राहिला होता. एक छोटा खटका. त्या अपघातात माणसं गेली. त्यानंतर वैमानिकांनी अधिक लक्ष देण्याची शपथ घेतली नाही, तर उड्डाणाआधी वाचायच्या छोट्या याद्या तयार केल्या. त्यांना कळलं होतं की विमान आता एका डोक्यात मावेनासं झालं आहे. तुमची किट विमानाएवढी नाही. पण मोजून बघा, सुटे भाग धरून तीसच्या घरात वस्तू निघतील.

आणि नित्यक्रम सुटला की काय होतं हे आपल्याच खेळातल्या एका मोठ्या माणसाकडून शिकण्यासारखं आहे. मॅथ्यू एमन्स, अमेरिकेचा नेमबाज. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून अशा तीन स्थितींतल्या नेमबाजीच्या) फायनलमध्ये तो तीन गुणांनी पुढे होता, शेवटचा एकच शॉट उरला होता. साधा शॉट मारला असता तरी सुवर्ण होतं. त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर गोळी मारली. क्रॉसफायर, शून्य गुण, आणि पहिल्यावरून थेट आठवा. एरवी त्याची रीत अशी की आधी टार्गेटवरचा आकडा बघायचा आणि मग नजर खाली बुलवर, म्हणजे टार्गेटच्या काळ्या मध्यावर आणायची. त्या एका शॉटला तो मन शांत करण्यात गुंतला आणि आकडा बघायचा राहिला. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजांपैकी एकाचं हे झालं. तुमचा ग्लोव्ह राहिला म्हणून तुम्ही हा खेळ सोडायची भाषा करताय.

त्याच एमन्सची दुसरी बाजूही सांगते. त्या वर्षी ऑलिंपिकच्या आधी कुणीतरी त्याच्या रायफलीची नासधूस केली होती. अथेन्समध्ये प्रोनचं सुवर्ण त्याने सहकारी नेमबाजाकडून घेतलेल्या रायफलीवर जिंकलं. म्हणजे संपूर्ण रायफल रीतसर घेऊन, तपासून, तिच्यावर सराव करून शूट करता येतं. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत ढकलणं वेगळं आणि हे वेगळं. तुमच्या रेंजवर परवानगी आणि नियम बसत असतील तर बोल्ट राहिलेल्या दिवशी त्या भल्या गृहस्थाला बोल्ट न मागता विचारा, तुमची मॅच संपल्यावर तुमच्याच रायफलीवर मला वीस शॉट मारू द्याल का?

हल्ली एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो: २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कियेचा युसुफ डिकेच एक हात खिशात घालून, साधा चष्मा लावून रौप्य पदक घेऊन गेला, मग तुम्हाला एवढं सामान कशाला? त्याने कानात प्लग घातले होते, हे फोटो नीट बघितला तर दिसतं. तो एअर पिस्तूल चालवत होता, उभ्याने, दहा मीटरवर. ज्यांना इतक्या कमी सामानात उत्तम शूट करता येतं त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण प्रोनमध्ये रायफलीचं वजन स्लिंग आणि ग्लोव्ह पेलतात. स्लिंग नसेल तर तो वेगळाच प्रकार होतो. कमी सामान हवंसं वाटत असेल तर प्रकार बदला. आहे त्या प्रकारातलं सामान कमी करायला जाऊ नका.

कमी मात्र एक गोष्ट करता येईल: विसरण्याची शक्यता. ज्या वस्तू लहान आणि स्वस्त आहेत त्या एकच कशाला ठेवायच्या? फोमचे ईअर प्लग जॅकेटच्या खिशात एक जोड, केसमध्ये एक, गाडीत एक, काडतुसांच्या डब्यात एक. सेफ्टी फ्लॅग दोन. अ‍ॅलन कीचा जोड दोन. यांना बॅगेतून बाहेर यायचं काही कारणच नाही, हे सामान तिथेच राहतं. ईअर मफ ड्रिलसाठी लागतात तर ड्रिलचे वेगळे घ्या. रेंजची वस्तू घरकामाला नाही आणि घरकामाची रेंजला नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून टाका.

बायकोचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगते. त्यांना बॅग तपासायला सांगू नका. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण अशा पत्रांनंतर बहुतेक पुरुष तेच करतात, असं मी पाहिलं आहे. मग विसरलं की दोष दोघांत वाटला जातो आणि रेंजवरून फोनवर भांडण होतं. बंदूक ज्याच्या हातात, सामानाची जबाबदारी त्याचीच. ती वाटून घ्यायची नसते.

एवढं सगळं करूनही एखाद्या दिवशी काहीतरी राहील. तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, कारण पार्किंगमध्ये उभं राहून घेतलेले निर्णय वाईट असतात. आधी रेंज ऑफिसरला सांगा, लगेच, लाज न बाळगता. तुमची वेळ कुणाशी बदलता येत असेल तर तेच बघू शकतात. परत जाऊन वस्तू आणायची असेल तर आधी घड्याळ बघा. आरामात जाऊन-येऊन वेळ उरत असेल तरच निघा. रस्त्यावर वेळ भरून काढायचा विचार असेल तर जाऊ नका. आणि जाताना रायफल गाडीत किंवा बाकावर 'जरा बघ रे' म्हणून ठेवून जाऊ नका. ती तुमच्याबरोबर जाते किंवा रेंजच्या अधिकृत कुलपात जाते.

आणि दिवस खरोखरच हातचा गेला तर थांबा. घरी जाऊ नका. मी एकदा परवान्याचा कागद नसताना एका मॅचला पोचले होते. नियमाने मला शूट करता येत नव्हतं आणि कुणी करू दिलं असतं तरी मी केलं नसतं. राग राग करत बाकावर बसले होते. एका शिकाऊ मुलीला स्पॉटिंगसाठी कुणी हवं होतं, म्हणून तिच्या मागे स्कोप लावून बसले. तीन तास. समोर वाऱ्याच्या झेंड्या होत्या. शूट करताना मी त्यांच्याकडे नेहमी एका डोळ्याने, घाईत बघत आले होते. त्या दिवशी माझा स्वतःचा शॉट नव्हता, त्यामुळे त्या पहिल्यांदा नीट दिसल्या. जवळची झेंडी डावीकडे आणि टार्गेटजवळची उजवीकडे असली की गोळी कुठे जाते, वारा पडायच्या आधी झेंडीचं टोक कसं थरथरतं, मुलगी थांबायला हवं तिथे कशी थांबत नव्हती, आणि मीही नेमकी तिथेच थांबत नाही, हे सगळं मला त्या बाकावर कळलं. त्यानंतरच्या हंगामात माझा स्कोअर वाढला, आणि मी अजूनही वर्षातून दोन-तीन मॅच मुद्दाम रायफल न घेता बघायला जाते.

वयाबद्दल थोडक्यात. तुम्ही दुकानात पैसे देऊन सामान तिथेच ठेवून येत असाल, नेहमीच्या रस्त्यावर वळण चुकत असाल, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारत असाल, तर डॉक्टरांना भेटा, आणि त्यात लाजायचं काही नाही. पण पत्रात तुम्ही जे लिहिलंत ते फक्त रेंजच्या दिवसाचं आहे. सहा महिन्यांत तीन वस्तू, तीसमधल्या. तीही प्रत्येक वेळी वेगळी. एकच वस्तू तीनदा राहिली असती तर मी वेगळं लिहिलं असतं. मला यात आजार दिसत नाही, विसरभोळेपणाही फारसा दिसत नाही. नीट साफसफाई करणारा, बोल्ट कुलपात ठेवणारा, ग्लोव्ह वाळत घालणारा माणूस दिसतो. या खेळाला अशीच माणसं लागतात. हसणाऱ्यांना हसू द्या. त्यांच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी काहीतरी घरी ठेवलेलं आहे, विचारून बघा.

पुढच्या मॅचहून परतलात की त्या संध्याकाळी, जॅकेट काढायच्या आधी, बॅग उघडा आणि काय काय बाहेर गेलंय ते बघा. जे सापडेल ते मला लिहून कळवा. आणि कानाच्या तपासणीत काय निघालं, तेही.